चपलांची पिशवी

दुपारी बाराची वेळ दिली होती, चूक माझीच.
मे महिन्यात सोलापुरात बाराला कुणाला बोलावू नये.
नागमणी यन्नम आली दोन रिक्षा बदलून,
सात वर्षांचा वेणू कडेवर,
खांद्याला फायली: हैदराबादची, पुण्याची, एक मिरजेची.
प्रत्येक फायलीवर त्याचं नाव वेगळ्या स्पेलिंगनं.

मान कधी धरली?
"गड्ड्याच्या जत्रेत. पाळण्यापाशी. वर बघितलं की त्यानं."
बसायला कधी लागला?
"ह्यांचा बोनस झाला तवा."
मी संक्रांत ते दिवाळी बोटांवर मोजते,
चौकटीत महिने लिहिते.
जत्रा आणि बोनस चौकटीबाहेर राहतात.

घरी तेलुगू, शाळेत मराठी.
तो दोन्हींत गप्प.

मणी दिले ओवायला.
एक तोंडात गेला, एक कानाशी,
बाकीचे गादीखाली.
दोरा मात्र आवडला, त्याचं टोक
ओठांवरून फिरवत राहिला, पुन्हा पुन्हा.
ठोकळ्यांचा मनोरा: दोन.
पंख्याला कान झाकले.
"पण तुमच्या तर घराखालीच माग आहेत ना?"
"माग चालू असले की झोपतोय. लाईट गेली की उठतोय.
तुमच्या पंख्याला ताल नाही ओ, ताई."
मी वर पाहिलं. खरंच,
तिसऱ्या फेरीला खट्, मग पाचव्या.
चार वर्षं याच खोलीत बसते मी.

बोलता बोलता तिच्या बोटांनी
माझ्या अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीची विडी वळली,
टोक दुमडून, पक्की.
तिला कळलंसुद्धा नाही.

टाळी वाजवून दाखवली. एकदा. पाच वेळा.
वेणू माझे हात बघत होता,
की हातांमागची भिंत.
अनुकरण: शून्य.
लिहिलं, शाईनं.

शेवटचा प्रश्न: त्याला काय यायला हवं, असं वाटतं?
इथं लोक म्हणतात, बोलावं. शाळेत बसावं. आई म्हणावं.
नागमणीनं बराच वेळ घेतला.
"पायात चप्पल ठेवावी ओ.
अजून दोन किलो वाढला की माझ्यानं उचलत नाही.
आन् रस्ता तर असा."
पिशवी उघडली. तीन जोड:
रबरी, वेल्क्रोचा,
आणि एक बापानं शिवलेला,
टॉवेलच्या तुकड्यांचा, कारखान्यातून आणलेल्या.
"हाबी फेकला त्यानं. पण जरा उशिरानं."
किती उशिरानं?
"गल्लीच्या टोकापर्यंत."
दीड तासातलं ते सगळ्यात खरं माप.

ते गेले. पिशवी राहिली.
गादीच्या खोलीत मी अनवाणीच असते,
तशीच धावले:
फरशी, पायरी, फाटक,
आणि मग डांबर.

एक पाय उचलला, दुसरा टेकला, दुसरा उचलला,
हातात तीन जोड चपला
आणि पायात एकही नाही.
"ताई, चप्पल!" नागमणी ओरडली
आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली.

कडेवरून वेणूनं माझ्या पायांकडे पाहिलं.
भिंत नव्हती मागं, रस्ताच होता.
त्यानं डावा पाय उचलला. मग उजवा.
हवेतच.
मी थांबले, तो थांबला.
मी पुन्हा उचलला, भाजत होतंच.
त्यानंही.
रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.

पाण्याचा दिवस नव्हता.
बादलीत उरलेलं तळव्यांवर घेतलं
आणि फॉर्म पुढ्यात ओढला.
शून्य खोडायची परवानगी नाही,
शेजारी लिहावं लागतं, तारीख घालून.
लिहिलं:
अनुकरण आढळलं. स्थळ, फाटकाबाहेर.
साहित्य, तापलेलं डांबर.
तपासणारी अनवाणी असावी.